उजवा कौल

मिठबाव,
१२ मार्च २०२३

सुशांत,

तुला आणि दिव्याला या म्हातारीचे आशीर्वाद, मागितले नसले तरी. मी फोन उचलत नाही म्हणून तू किशोरीजवळ कुरकुर केलीस म्हणे. अरे, माझ्या कानांनी आता रजा घेतली आहे. तू बोलतोस तेव्हा मी नुसती हां-हां करते आणि फोन ठेवला की किशोरीला विचारते, काय म्हणत होता गो? माझ्या घरातलं सगळं तिला माहीत असतंच, त्याचं काही नाही. पण आता तुझ्याही घरातलं तिला माझ्याआधी कळायला लागलं. ते कानात घालायचं यंत्र आणून बघितलं. त्यात माणसांपेक्षा पंखाच जास्त बोलतो. म्हणून हे पत्र. शिवाय पत्राला 'बघतो मावशी' म्हणून सुटता येत नाही.

काजूचा हंगाम सुरू झाला. डोंगरावरच्या काजी यंदा लगडल्यात. तुझी आई गेल्यावर तू इथं आलास, तेव्हा कारखान्याच्या ज्या अंगणात वाळत घातलेली बी पायांनी उडवायचास, तिथं आजही बी पसरली आहे. उडवायला कोणी नाही एवढंच. तुझे काका गेल्यावर लोक म्हणाले, सरला आता शेडला कुलूप लावणार. मी नाही लावलं. आत बारा बायका बसतात, त्यातल्या निम्म्या काकांच्या वेळच्या. बी उकडणं, फोडणं, सोलणं, सगळं हातानं. किशोरी अजून अशी फोडते की दहांत एखादाच गर तुटावा.

तर आता कामाचं. बांद्याचा आपला व्यापारी आला होता, इतकी वर्षं आपला सगळा माल उचलणारा. गर ओंजळीत घेतले, वास घेतला आणि परत पिशवीत टाकले. म्हणाला, "वैनी, तुझो माल बरो आसा. पण ह्या दरान माका परवडणा नाय." बाहेरचा माल आलाय म्हणे, खूप आणि स्वस्त. गेल्या वर्षीचा निम्मा माल माझ्याकडे पडून आहे. आणि आजूबाजूच्या वाड्यांची बी माझ्याच दारात येते. मी नाही घेतली तर जीप घेऊन फिरणारा तो दलाल आहे, तो जीपवाला म्हणेल तो दर.

तू एवढ्या मोठ्या बाजारात बसतोस, तेही काजूच्याच शेठकडे. मला नीट सांग, हे का झालं आणि किती दिवस चालेल. मला कारखाना चालू ठेवायचा आहे. दुसरं काही मागणं नाही.

तुझी मावशी
सरला


उलवे, नवी मुंबई,
२ एप्रिल २०२३

तीर्थरूप मावशी,

पायांवर डोकं ठेवलं असं समज, प्रत्यक्षात ऑफिसच्या खुर्चीत बसून लिहितो आहे. पत्र बघून दिव्याला वाटलं कोर्टाची नोटीस आली. शाळा सुटल्यावर मी बहुतेक पहिलंच पत्र लिहितोय, तेव्हा अक्षर सांभाळून घे.

तू विचारलंस ते सरळच सांगतो. आफ्रिकेतल्या देशांतून काजू बी जहाजांनी येते. तिथं ती खूप स्वस्त पडते. व्यापार खुला असावा असं सरकारं आपसात ठरवतात, त्यामुळे काही देशांच्या मालावर आपल्याकडे कर जवळजवळ नाहीच. ती बी बंदरात उतरते आणि बंदराच्या आसपासच्या कारखान्यांत मशीन ती फोडतं. तुझ्या बारा बायका महिनाभर करतील ते काम मशीन चहा थंड व्हायच्या आत करतं. मग मिठाईवाला मिठबावचे काजू कशाला घेईल? त्याला बर्फीवर लावायचे असतात, चव कोण बघतो.

पण यात सगळं वाईटच आहे असं नाही, मावशी. काजू पूर्वी लग्नाकार्याला दिसायचे, आता साधी माणसंही घेतात. आमच्या भागात तर कायापालट झाला आहे. जिथं मिठागरं होती तिथं मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या. गोदामं, ट्रक, ऑफिसं, हजारो पोरांना काम मिळालं. मलाच बघ ना. एकूण हिशेब मांडला तर देशाचा फायदाच होतो.

आमच्या शेठनीही थोडा बाहेरचा माल सुरू केला आहे. माझ्याकडे फक्त कागदपत्रांचं काम असतं.

किती दिवस चालेल विचारतेस, तर थांबेल असं वाटत नाही. माझं ऐकशील तर यंदा बी घेऊ नकोस. एक वर्ष भट्टी बंद ठेव आणि बघ.

तुझा
सुशांत


मिठबाव,
२० मे २०२३

सुशांत,

तुझं पत्र आलं तेव्हा बी घेऊन झाली होती. आधी आलं असतं तरी घेतलीच असती, म्हणून पोस्टमनला बोल लावू नकोस. हंगामाची पहिली पाटी दरवर्षी बाबली आणतो, आपल्या किशोरीचा नवरा. पाटी उतरवायच्या आधी आपल्या उंबऱ्यावर नारळ फोडतो. त्याच्या बापानंही फोडला होता. आता त्याला काय सांगू, उलव्याहून पत्र आलंय, तू आपला नारळ घेऊन परत जा?

तू समजावून लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. कळलं. स्वस्त मिळालं तर घेणाऱ्याला बरं वाटतं, यात कळायला काय कठीण. मीही कणकवलीला साडी घेताना हेच करते. पण एक सांग, देशाचा फायदा होतो म्हणतोस तो देश कुठून कुठपर्यंत? तुझ्या उलव्याला तो पोचलेला दिसतो. आमच्याकडे यायला निघाला आणि कशेडीच्या घाटात अडकला की काय? विजयदुर्गाला एके काळी गलबतांची रांग लागायची असं माझे सासरे सांगत. आता जहाजं तुझ्या बंदराला लागतात. समुद्र काही वेगळा नाही.

रागानं लिहीत नाही. तुझं बरं चाललंय याचा मला आनंदच आहे. गावात कोणी विचारलं की सांगते, माझा भाचा काजूच्या धंद्यात आहे, रक्तातच आहे ते.

सध्या बायका एक दिवसाआड येतात. सगळ्यांनी मिळूनच तसं ठरवलं, म्हणजे कोणा एकीला घरी बसायला नको. किशोरी घरी जाताना शेडच्या दाराची कडी दोनदा ओढून बघते.

तुझे शेठ भले गृहस्थ दिसतात. आपला माल त्यांच्या दुकानात ठेवतील का, विचारशील? थोडा महाग आहे, पण एकदा खाल्ला की माणूस परत येतो. चोरी करायला सांगत नाही, शब्द टाकायला सांगते आहे.

सरलामावशी


उलवे,
२५ जून २०२३

तीर्थरूप मावशी,

काम झालं! आधी तेच लिहितो.

शेठजवळ तुझा विषय काढला. ते म्हणाले, मिठबावचे काजू या दरात विकले जाणार नाहीत. पण मिठबावचं नाव विकलं जाईल. लोकांना मालवणी म्हटलं की विश्वास वाटतो. तर योजना अशी: इथला तयार गर ट्रकनं तुझ्याकडे येईल. तुझ्या बायका तो निवडतील आणि पाकिटांत भरतील. पाकिटावर 'मालवणी काजू', खाली तुझ्या शेडचा पत्ता. बारा जणींना रोज काम मिळेल, एक दिवसाआड नाही. धूर नको, चीक नको, हात काळे व्हायला नकोत. तुला माल विकायची चिंता नको.

शेठची एकच अट आहे. शेडमध्ये दुसरा माल ठेवायचा नाही. म्हणजे बी घ्यायची नाही आणि भट्टीही लावायची नाही. धुरानं गराला वास लागतो. पुढच्या हंगामापासून ही अट लागू होईल. तोवर आहे ती बी संपवून टाक.

तुला कारखाना चालू ठेवायचा होता ना? तो चालू राहील. मी या गोष्टीसाठी शेठशी चार वेळा बोललो, मावशी. दिव्या म्हणते, ऑफिसात कोणी स्वतःच्या पगारासाठी इतकं भांडत नाही. लवकर कळव, ते दुसरीकडेही बघताहेत.

तुझा
सुशांत


मिठबाव,
३ सप्टेंबर २०२३

सुशांत,

माझा होकार किशोरीनं तुला फोनवर कळवला होताच. आता सविस्तर लिहिते.

तुझं पत्र आल्यावर आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. पाकिटावर आपला पत्ता आणि आत भलत्याच मुलखातला गर. मनाला पटेना. मग म्हटलं, पाकीट तर इथंच भरलं जाणार, म्हणजे पत्ता खोटा नाही. माणूस स्वतःला किती पटकन पटवतो बघ. तरी धीर होईना, म्हणून ग्रामदेवीला कौल लावला. बारा जणींना घेऊन देवळात गेले. गुरवानं पाषाणाला तांदूळ लावले आणि विचारलं, ह्या बारा बायांच्या घरची चूल पेटती ऱ्हवासाठी हा काम घेवचा काय? क्षणात उजवा तांदूळ पडला, देवीनं हो म्हटलं. एवढा लवकर कौल तुझ्या काकांनी शेड बांधली तेव्हाही दिला नव्हता. दोघी-तिघींना रडू आलं. मलाही आलं, खोटं कशाला सांगू.

पहिला ट्रक आला त्या दिवशी शेड धुऊन काढली होती. गर पांढराशुभ्र, एकसारखा, दिसायला राजबिंडा. किशोरीनं एक उचलून तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत बसली. मी विचारलं कसा आहे. म्हणाली, "बरो आसा गे काकी. पण काजू खाल्लंय असा वाटणा नाय." सगळ्या हसल्या. त्यानंतर कोणी खाऊन बघितला नाही.

काम रोजचं आहे आणि शनिवारी पगार होतो. चिकानं काळी पडलेली बोटं आता उजळायला लागलीत. एकमेकींचे हात धरून बघतात. एकीचा नवरा म्हणे गमतीनं म्हणाला, तू कोणाची गो? चतुर्थीला घराघरात नवी पातळं दिसतील. हे तुझ्यामुळे झालं आणि तसं मी सगळ्यांना सांगते.

जुनी बी संपत आली. शेवटचा घाणा काढला की भट्टी बंद करीन. दोघांनी चतुर्थीला या. करंज्यांना आपलेच काजू ठेवलेत.

सरलामावशी


उलवे,
२६ नोव्हेंबर २०२३

तीर्थरूप मावशी,

चतुर्थीला येता आलं नाही आणि दिवाळीतही सुट्टी मिळाली नाही. पण बातमी चांगली आहे. 'मालवणी काजू' दिवाळीत इतका खपला की शेवटच्या आठवड्यात माल कमी पडला. शेठ फार खूश आहेत. आयातीचा सगळा विभाग आता मी बघतो. केबिन मिळाली आहे. खिडकीतून बंदरातल्या क्रेन दिसतात.

एका वाण्याच्या दुकानात एक आजी आमचं पाकीट घेत होत्या. म्हणाल्या, मी मूळची देवगडची, मला गावची चव बरोबर कळते. मला हसू आलं आणि नंतर बराच वेळ कसंतरी वाटत राहिलं. ते तुला सांगावंसं वाटलं.

बाकी पुढच्या वर्षाचं काय ते नंतर लिहितो. अजून काही नक्की नाही.

तुझा
सुशांत


मिठबाव,
२८ एप्रिल २०२४

सुशांत,

केबिनबद्दल अभिनंदन करायचं राहून गेलं. तू वर चढलास की मला बरं वाटतं, ते मनापासून आहे. पण आज लिहायचं आहे ते दुसरंच.

मार्चमध्ये बाबली पहिली पाटी घेऊन आला. मी त्याला दिवाळीपासून सांगत होते की यंदा बी घेता येणार नाही. किशोरीनंही घरी सांगितलं होतं. तरी आला, नारळ हातात धरून. मला वाटतं, दारात उभं राहिलं की मी नाही म्हणणार नाही असं त्याला वाटलं असणार. मी नाही म्हटलं. शेडमध्ये त्याची बायको शेठची पाकिटं भरत होती आणि दारात मी तिच्या नवऱ्याची पाटी परत करत होते. किशोरीनं मान वर केली नाही.

बाबलीनं नारळ फोडला नाही. पाटी खाली ठेवली आणि मला विचारलं, "काकी, कौल लावलंस तेवा आमच्या बियेचा काय इचारलंस?"

मी म्हटलं, बायकांच्या पोटाचं विचारलं, त्यात तुझं घर आलंच. तो म्हणाला, "नाय गे. देवीन तुका बरोबर उत्तर दिल्यान. आमी इचारण्यातच नव्हतो."

पाटी उचलून गेला. सुशांत, मी जन्मभर या गावात राहिले. कौल कसा लावावा, प्रश्न कसा घालावा, हे माझ्याकडून लोक शिकले. आणि मी बाराच जणींची नावं घेतली. ज्या वाड्यांची बी काकांच्या वेळेपासून माझ्या दारात येते, त्यांतलं एकही घर मला त्या दिवशी आठवलं नाही. शेडच्या आतलं तेवढं मला दिसलं. देवीला दोष कसा देऊ?

जीपवाला आला. आता दुसरं कोणी घेणारं नाही हे त्याला माहीत होतं, तो दर सांगणार काय आणि लोक भांडणार काय. काहींनी वेचलीच नाही. मजुरीही सुटत नाही म्हणाले. बाबलीनं शिमगा झाल्यावर डोंगरावरच्या काजी तोडल्या. सगळ्या नाही, वरच्या अंगाच्या. जळाऊ लाकूड म्हणून ट्रक भरून गेला. ट्रक आपल्याच दारावरून गेला. किशोरी शेडमध्ये होती. तिनं उठून दार ओढून घेतलं आणि परत येऊन पाकिटं भरायला बसली.

मला एवढंच कळव, आपण थोडी तरी बी घेऊ शकतो का? शेठला विचार. मागच्या पडवीत ठेवीन, शेडमध्ये आणणार नाही. भट्टी दूर खळ्यात लावीन. धुराचा वास त्याच्या नाकापर्यंत जाणार नाही अशी व्यवस्था करीन.

मावशी


उलवे,
१८ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप मावशी,

उत्तराला उशीर झाला.

बी घेण्याबद्दल शेठ नाही म्हणाले. आणि आता दुसरंही सांगावं लागतंय. पाकिटं भरायचं मशीन इथंच पनवेलजवळ बसवलं आहे. इथून तिकडे ट्रक पाठवायचा आणि भरून परत आणायचा, हा खर्च शेठना जास्त वाटतो. या चतुर्थीचा माल तुझ्याकडेच भरला जाईल. त्यानंतर ट्रक येणार नाही. सगळं एकदम ठरलं. मी खूप सांगून बघितलं.

बारा जणींना एक महिन्याचा जास्तीचा पगार मिळवून दिला आहे. तेवढंच माझ्या हातात होतं.

मावशी, तू हे मनाला लावून घेऊ नकोस. असे बदल सगळीकडे होताहेत. किशोरीला इकडे यायचं असेल तर मशीनवर काम देतो, राहायची सोय बघतो. तूही ये. तिथं आता आहे काय?

शेवटचं वाक्य खोडणार होतो, पण मग पत्र घाणेरडं दिसलं असतं.

सुशांत


उलवे,
१२ जानेवारी २०२५

मावशी,

चतुर्थी गेली, दिवाळी गेली, संक्रांत आली. तुझं पत्र नाही. किशोरीचा फोन लागत नाही. गावातल्या दोघा-तिघांना विचारलं, ते म्हणाले सरलाकाकी बरी आहे, देवळात दिसते. म्हणजे बरी आहेस आणि लिहीत नाहीस.

परवा वाशीला एका दुकानात आपलं पाकीट दिसलं. माल पनवेलला भरलेला, पत्ता अजून मिठबावचाच. छापलेली पाकिटं शिल्लक आहेत, ती संपवताहेत. मी त्या विभागाचा साहेब, एक सही केली तर थांबेल. दोन दिवस झाले, सही केलेली नाही.

दिव्या म्हणते, विचारायचं ते सरळ विचार. तर विचारतो. तुला माझा राग आला आहे का?

तू इथं ये. तुझ्यासाठी खोली आहे, गॅलरीतून खाडी दिसते. तू एकटी तिथं काय करणार?

सुशांत


मिठबाव,
९ मार्च २०२५

सुशांत,

आधी इकडचं सगळं सांगते.

शेवटचा ट्रक गेला त्या दिवशी बायकांनी शेड झाडून पुसून दिली. कोणी सांगितलं नव्हतं. मग पायरीवर बसून चहा प्यायल्या. कोणीच आधी उठेना. अंधार पडायला लागला तेव्हा मीच म्हटलं, जा आता, घरची वाट बघत असतील. कुलूप मीच लावलं. काका गेले तेव्हा लोकांना वाटलं होतं ते एवढ्या वर्षांनी झालं.

भट्टी आणि फोडायची हत्यारं भंगारवाल्यानं नेली. दोघी आंब्याच्या बागेत जातात, एक अंगणवाडीत स्वयंपाक करते, बाकीच्या घरीच आहेत. बाबली आणि किशोरी बांद्याच्या पुढे, गोव्याच्या हद्दीत गेली. तो एका हॉटेलात रखवालदार आहे आणि ती तिथल्या खोल्या झाडते. घराला कुलूप आहे. चावी माझ्याकडे दिली. किशोरी जत्रेला आली होती. तू मशीनवर काम देतोस हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "काकी, सुशांतांक सांग, लादी पुसूक जाईन. पण त्या काजूक आता हात लावूचंय नाय." तुझा फोन लागत नाही, कारण तिनं नंबर बदलला. नवा नंबर मी देणार नाही. तिनं देऊ नको म्हटलंय.

मशीन एकदम ठरलं असं तू लिहिलंस. ते दिवाळीतच ठरलं होतं, हे मला शिमग्यातच कळलं होतं. ट्रकचा ड्रायव्हर किशोरीला बोलला होता. मी तुला विचारलं नाही आणि बायकांनाही सांगितलं नाही. किशोरीलाही गप्प राहायला लावलं. वाटलं, चार महिने तरी त्यांना सुखानं पगार घेऊ दे. तेव्हा लपवण्याबद्दल मी तुला बोलावं असं नाही, मीही तेच केलं.

यंदा बी वेचायला कोणी गेलेलं नाही. बाबलीच्या ज्या काजी उरल्यात त्यांच्याखाली बोंडं पडून कुजताहेत आणि वारा आला की सगळा वास वाडीत येतो. इतका बी-बोंडांचा वास मी एवढ्या वर्षांत कधी घेतला नव्हता. पूर्वी तो पाट्यांतून आपल्या अंगणात यायचा.

तू खोलीचं लिहिलंस. मी येणार नाही. खाडी बघायला नवी मुंबईला कशाला येऊ? तूच ये, मे महिन्यात, दिव्याला घेऊन. फणस भरपूर लागलेत.

आणि तू विचारलंस, राग आला आहे का. आला आहे. खूप आला आहे. शेवटचा ट्रक गेल्यापासून सहा महिने मी तुला लिहिलं नाही ते त्यामुळेच. पेन घेऊन बसायची आणि उठायची.

आधी मी सरकारवर रागावून बघितलं. पण सरकारचं तोंड मी कधी पाहिलेलं नाही, तो राग टिकेना. मग तुझ्या शेठवर रागावले. त्यालाही मी ओळखत नाही, आणि पैसे तर त्यानं दर शनिवारी वेळेवर पाठवले. मग त्या आफ्रिकेवर रागावले. पण तिथंही कोणी बाई उन्हात झाडाखाली वाकून बी वेचत असेल. तिला कोणी फार देत असेल असं वाटत नाही, नाहीतर सात समुद्र ओलांडून एवढी स्वस्त कशी येईल? तिच्यावर कुठल्या तोंडानं रागावू?

मग तूच उरलास. राग करायलाही आपलं माणूस लागतं, सुशांत. माझं दुसरं कोणी नाही.

तुझी
सरलामावशी